आमच्या गल्लीतला खराटा

फजरच्या नमाजनंतर मी ओट्यावर येऊन बसले की गल्लीत खराट्याचा आवाज ऐकू यायचा. दोन मावश्या होत्या. एक चौकाकडून झाडत यायची, दुसरी मस्जिदीकडून. सार्वजनिक नळापाशी दोघींची गाठ पडायची. मग आमच्या ओट्यावर चहा. वीस वर्षे हे असेच चालले होते. त्या काळात ‘स्वच्छता’ या विषयावर मी मुलांकडून कितीतरी निबंध लिहून घेतले, पण गल्ली स्वच्छ कुणामुळे असते हा विचार कधी मनात आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक मावशी दिसेनाशी झाली. नंतर दुसरीही रोज येईना. तिनेच सांगितले, नवा ठेका झाला आहे, माणसे कमी केली आहेत, आता तिच्या एकटीकडे सात गल्ल्या आहेत. नगरपालिकेने कुठे सूचना लावली नव्हती.

झाडणे बंद झाले की पहिल्या आठवड्यात फारसे काही जाणवत नाही. थोडा पाचोळा, थोडी धूळ. दुसऱ्या आठवड्यापासून गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटे, चहाचे कागदी कप गटारीच्या कडेला साचतात. वाऱ्याने सरकत सरकत जाळीवर येऊन बसतात. ही जाळी सगळ्यांत महत्त्वाची, कारण तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी जाळीतून उतरलेच नाही. गल्लीच्या सखल टोकाला चार घरांत शिरले. त्यांपैकी एक घर शिवणकाम करणाऱ्या खालांचे. गिऱ्हाइकांची कापडे जमिनीवर गठ्ठ्यात बांधून ठेवली होती. दोन जोड्यांचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरून दिले.

मग ताप आला. डेंग्यूचा डास घाण पाण्यात वाढतो असे अजून पुष्कळांना वाटते. तो साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. फेकलेला कप, नारळाची करवंटी, जुना टायर त्याला पुरतो, आणि तो चावतोही दिवसा. रस्ता रोज झाडला जातो तेव्हा हे कप आणि करवंट्या पाणी साचण्याआधीच उचलल्या जातात. ऑगस्टमध्ये एका आठवड्यात माझ्या वर्गातली अकरा मुले गैरहजर होती. सगळ्यांना डेंग्यू होता असे मी म्हणणार नाही. दोघांना मात्र रुग्णालयात दाखल करावे लागले.

मोठ्या आजाराची धास्ती माझ्या पिढीला आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला तेव्हा खानदेशातली कितीतरी माणसे तोंडाला रुमाल बांधून रेल्वेने गावी परतली होती. त्यांत माझे मामूही होते. पूर ओसरल्यावर सुरतेत चिखल आणि कचरा तसाच पडून राहिला होता. पुढच्या वर्षी एस. आर. राव तिथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना कचेरीतून उठवून रोज रस्त्यावर उतरवले. दोन-एक वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचे नाव घेतले जाऊ लागले. माणसे तीच होती आणि शहरही तेच.

पालिकेकडे पैसा कमी असतो हे खरे आहे. जकात गेली, घरपट्टी पुरेशी वसूल होत नाही (आपल्या मोहल्ल्यातही थकबाकीदार आहेत, मान्य करू), आणि पगार-पेन्शन टाळता येत नाही. मग कायम कामगार निवृत्त झाले की जागा रिकाम्या ठेवतात आणि ठेकेदाराकडून माणसे घेतात. पुढे तीही कमी करतात. कचरा वाहून नेण्याचे पैसे पुष्कळ ठिकाणी वजनावर मिळतात, आणि झाडलेल्या रस्त्याचे वजन काट्यावर दिसत नाही. शिवाय घंटागाडीचा फोटो निघतो. पहाटेच्या खराट्याचा कोण काढणार? पण महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात, कलम ४९ मध्ये, सार्वजनिक रस्ते साफ करणे हे नगरपरिषदेचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे.

“आपल्याच मोहल्ल्यात झाडत नाहीत,” असे मस्जिदीबाहेर सगळे म्हणत होते. हे ऐकून मला नेहमी थोडा राग येतो. बोलणे खोटे असते म्हणून नव्हे, तर कुणी मोजलेले नसते म्हणून. मी आठवीच्या मुलांना तक्ता करायला लावला. कोणत्या रस्त्यावर कोणत्या दिवशी झाडू फिरला, फक्त एवढेच लिहायचे. २८ दिवसांनी बेरीज केली. मुख्य बाजाररस्ता २६ दिवस. आमच्या गल्ल्या ४ दिवस. मागची दलित वस्ती ३ दिवस. टक्केवारीचा धडा त्या निमित्ताने पक्का झाला.

तक्ता कुणाला द्यायचा हा प्रश्नच होता. राज्यातल्या इतर बऱ्याच नगरपालिकांप्रमाणे इथेही काही वर्षे प्रशासकच होते, नगरसेवक नव्हते. एका पालकांनी दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात ठेक्याची प्रत मागितली. जुन्या करारात अंतर्गत रस्त्यांपुढे ‘दररोज’ लिहिलेले होते. नव्यात तिथे ‘आवश्यकतेनुसार’ आहे. बाकी वाक्य तेच.

मदीनेत मस्जिदे-नबवी झाडणाऱ्या एका बाईची हकीकत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे. ती वारली तेव्हा लोकांनी प्रेषितांना (स.) कळवले नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला, असे त्यांना वाटले. प्रेषितांनी (स.) स्वतः चौकशी केली, मला का सांगितले नाही असे विचारले, आणि तिच्या कबरीपाशी जाऊन नमाज अदा केली. ही हदीस मी मुलांना दरवर्षी सांगते. यंदा सांगताना मधेच थांबले. न येणाऱ्या मावशीची चौकशी करायला मला दीड महिना लागला होता, आणि चौकशी करताना तिचे नाव मला माहीत नव्हते. वीस वर्षे ती माझ्याकडे चहा पीत होती.

ती आता एका मंगल कार्यालयात भांडी घासते. हंगाम असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा घरी. ठेक्यातली नोकरी म्हणून काढताना हातात काही मिळाले नाही. मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात कायम नोकरीचा हक्क मिळाला, पण त्यांच्या पाठीशी संघटना होती आणि वर्षानुवर्षांचा लढा होता. इथे मावशीकडे पगाराची पावतीसुद्धा नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले. निवडून आलेल्या आमच्या नगरसेविकेला मुलांनीच तक्ता नेऊन दिला. सध्या सोमवारी आणि गुरुवारी झाडू येतो. ठेक्याची मुदत मार्चअखेर संपते आहे. नव्या निविदेत ‘दररोज’ हा शब्द परत यावा आणि जुन्या कामगारांना आधी घ्यावे, असा अर्ज मोहल्ल्याने केला आहे. मागच्या वस्तीतल्या लोकांनीही त्यावर सह्या केल्या. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही.