न्हाणीघरांतील हीटर आणि ओहमचा नियम

गेल्या पौषांत लातूरच्या आमच्या घरीं एक लहानसा कलह रोज सकाळीं होऊं लागला. पाण्यांत बुडवावयाच्या हीटरच्या कांडीवर पूर्वीं पाऊण तासांत जी बादली तापे, तिला सव्वा तास लागूं लागला. घर मोठें. पूजेस बसणाऱ्या आजोबांचें स्नान पहिलें हें ठरलेलेंच. पण त्यांच्यामागून कचेरीचीं माणसें कीं शाळेचीं मुलें, यावर खल चाले आणि दोष बहुधा चुलीपाशीं उभ्या असलेल्या वहिनींच्या वांट्यास येई. शेवटीं आमच्या वडीलबंधूंनीं निकाल दिला, “ही कांडी म्हातारी झाली. उद्यां दुप्पट शक्तीची, दोन हजार वॉटची आणतों.”

संक्रांतीच्या सुटींत पुतण्या घरीं आला होता. नांदेडास विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी संस्थेंत तो शिकतो. तो म्हणाला, “मोठेकाका, दोन दिवस थांबा. आधीं हिशेब करूं.”

हा हिशेब ज्या नियमावर उभा आहे तो वाचकांनीं शाळेंत पाठ केलेला असेल. उपयोगांत मात्र क्वचितच आणला असेल. माळवदावरील टांकी जितकी उंच तितका नळाच्या पाण्यास जोर. नळी अरुंद असली कीं पाणी कमी. विजेचेंही तसेंच. दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपिअरांत आणि मार्गांतील अडथळा, म्हणजे रोध, ओहमांत. दाबास प्रवाहानें भागिलें कीं रोध निघतो. दाबास प्रवाहानें गुणिलें कीं शक्ति, म्हणजे वॉट. हजार वॉट तासभर वापरले कीं बिलांतील एक युनिट झालें. कोलोनच्या शाळेंत गणित शिकविणाऱ्या जॉर्ज ओहम यांनीं १८२७ सालीं हा नियम ग्रंथरूपानें मांडला, तेव्हां मायदेशीं त्याची उपेक्षाच झाली. १८४१ त लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस कोप्ली पदक दिलें.

आतां आमची कांडी. तिजवर ‘२३० व्होल्ट, १००० वॉट’ असें छापलेलें. हजारास २३० नीं भागिलें कीं प्रवाह ४.३५ अँपिअर, आणि २३० स ४.३५ नीं भागिलें कीं रोध सुमारें ५३ ओहम. हीटरच्या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाहीं, म्हणून हा आंकडा विश्वासाचा. (जुन्या पद्धतीच्या दिव्याचें तसें नाहीं. शंभर वॉटच्या दिव्याचा रोध जळतांना ५२९ ओहम, पण थंड असतां त्याच्या सुमारें दशांशच. बटण दाबतांच दिवा जातो तो बहुधा याच कारणानें.)

कांडी चालूं ठेवून पुतण्यानें न्हाणीघरांतील प्लगाशीं दाब मोजला. तो १८० व्होल्ट भरला. १८० भागिले ५३, म्हणजे प्रवाह ३.४ अँपिअर, आणि १८० गुणिले ३.४, म्हणजे शक्ति अवघी ६१२ वॉट. कांडी म्हातारी नव्हती, उपाशी होती.

मग त्यानें दरवाजाजवळील मीटरपाशीं मोजलें. तेथें २०० व्होल्ट. म्हणजे वीस व्होल्ट घरांतल्या घरांत, दहा-वीस पावलांच्या तारेंत, गडप होत होते. वीस भागिले ३.४ म्हणजे सुमारें सहा ओहम. इतक्याशा तारेस हा रोध फारच झाला. वीस गुणिले ३.४ म्हणजे ६८ वॉट उष्णता भिंतींत कोठेंतरी रोज सव्वा तास निर्माण होत होती.

“आतां दुप्पट कांडी लावून पाहूं,” असें म्हणून त्यानें पंचांगाच्या पाठीवर पेन्सिलीनें मांडणी केली. तिचा रोध साडेसव्वीस ओहम, तारेचा सहा, मिळून साडेबत्तीस. दोनशें भागिले साडेबत्तीस, म्हणजे सुमारें ६.२ अँपिअर. हाच प्रवाह तारेच्या सहा ओहमांतून गेला म्हणजे तेथें ३७ व्होल्ट पडणार, आणि ३७ गुणिले ६.२ म्हणजे सुमारें २३० वॉट भिंतींत! प्रवाह दुपटीहून कमी वाढला, तरी उष्णता तिपटीवर गेली. कारण ती प्रवाहाच्या वर्गानें वाढते. आमचें घर जुन्या माळवदाचें. तार लांकडी तुळईस धरून गेलेली. वडीलबंधू कांहीं बोलले नाहींत. कांडी आणण्याचें मात्र राहिलें.

दाब कमी झाला कीं हीटर कमी घेतो, पण पंपाची मोटार याच्या उलट वागते. पाणी तितकेंच उपसावयाचें असल्यामुळें ती अधिक प्रवाह ओढते. नांदेडजवळ अर्धापूरकडे आमच्या आतेभावाची केळीची बाग आहे. ऐन उन्हाळ्यांत दाब उतरलेला असतां त्यानें मोटार रेटली आणि ती जळाली. प्रवाह सव्वापट झाला तरी गुंडाळींतील उष्णता दीडपटीहून अधिक होते, हें त्यास तेव्हां कोणीं सांगितलें नव्हतें. वाइंडिंग होऊन मोटार परत येईपर्यंत घड सुकले.

जिवंत तारेवर मोजमाप करणें हें शिकलेल्या हाताचें काम. हौसेनें करूं नये. आम्हींही पुढील काम वायरमनकडेच सोंपविलें. त्यानें वीज बंद करून तुळईवरील जोडपेटी उघडली. आंत तांब्याची आणि अॅल्युमिनियमची तार नुसती पिळून जोडलेली, काळीठिक्कर. खालचें लांकूड बोटभर करपलेलें. वहिनींनीं तें पाहिलें आणि पदर तोंडाशीं नेला. मुलें त्याच तुळईखालीं निजत.

तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची नवी तार सलग ओढली. जातां-येतां चाळीस मीटर, रोध ओहमाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तीच जुनी कांडी आतां सुमारें साडेसातशें वॉट घेते; बादली तासाच्या आंत तापते. उरलेले तीस व्होल्ट रस्त्यावरच्या तारेकडून यावयाचे आहेत. त्यासाठीं दोन्ही ठिकाणचे आंकडे लिहून वडीलबंधूंनीं अर्ज दिला आहे.