नऊ उंदरांची साक्ष

बँकेत असताना धुळ्याच्या एका शाखेची तपासणी माझ्याकडे आली होती. व्हाउचरांचे मधले मधले चार गठ्ठे सोडवले, हिशेब जुळला, सही ठोकली. सहा महिन्यांनी अफरातफर निघाली ती मी न सोडवलेल्या गठ्ठ्यात. ती सही अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

परवा भाचा जळगावला आला होता. औषधांच्या प्रयोगशाळेत तो उंदरांची निगा राखतो. बोलता बोलता म्हणाला, "मामा, एका खोलीतल्या शेकडो उंदरांची तब्येत आम्ही नऊ जणांच्या रक्तावरून ठरवतो." मी चपापलोच.

उंदरांच्या यकृतदाहाचा विषाणू 1949 पासून माहीत आहे. करोनाच्याच कुळातला. मोठा, धडधाकट उंदीर तो अंगात बाळगून खुशाल खातो-पितो. बिघडतात ते त्याच्यावर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष. म्हणून रक्तात प्रतिपिंडे शोधायची. 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत रक्तद्रव घालतात. प्रतिपिंडे असली तर रंग उमटतो. पण ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. काही जातींच्या उंदरांत प्रतिकारशक्तीच जन्मतः अपुरी, त्यांचे रक्त मुकेच राहते. मग पहारेकरी नेमतात. निरोगी उंदरांच्या पिंजऱ्यात इतरांचा मळका भुसा टाकायचा आणि काही आठवड्यांनी त्यांचे रक्त तपासायचे. बिचारे! दुसऱ्यांच्या घाणीत राहून साक्ष द्यायची.

जुन्या सवयीने मी कागद ओढला. शंभरात तीस बाधित असतील, तर नऊ नमुन्यांत एक तरी सापडण्याची शक्यता 95 टक्क्यांवर जाते. पाचच असतील, तर जेमतेम 37.

ही परीक्षा जळगावानेही दिली आहे. 2020 च्या मे-जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या 70 जिल्ह्यांत करोनाची प्रतिपिंडे शोधली, त्यांत आपला जिल्हा होता. दहा ठिकाणची सुमारे 400 माणसे. चाचणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची. पद्धत हीच, ताटलीतल्या रंगाची. देशात शंभरात एकालाही लागण नाही, असा हिशेब आला. तो ऐकून आम्ही निर्धास्त झालो. रक्त मागच्या पंधरवड्याची हकिगत सांगते, हे कुणाच्या लक्षात होते? त्याच पावसाळ्यात माझ्या ओळखीतली दोन माणसे गेली.

"नऊही निर्दोष निघाले, तर अहवालात काय लिहितोस?" मी विचारले.

"'आढळले नाही' असं लिहितो. 'नाही' असं नाही लिहीत. आणि किती उंदीर तपासले, तो आकडा शेजारी टाकतो."

"सही कुणाची?"

"माझीच."