तिसरी : खाडीच्या वाळूतील जीव आणि त्याचे घर

भोंगवलीच्या विद्यार्थ्यांना शिंपला ठाऊक असतो तो नीरेच्या पात्रातला, गोड्या पाण्याचा. वरंधा घाट उतरून महाडमार्गे कोकणात गेले की त्याची खारी भावंडे भेटतात. चवदार तळ्याला वंदन करण्यास जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी ती तिकडच्या बाजारात पाहिली असतील. त्यांतील ‘तिसरी’ची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

शास्त्रात ‘पाफिया मलबारिका’ या नावाने नोंदलेली तिसरी खाडीच्या वाळूमिश्रित गाळात स्वतःला पुरून घेते. पिवळसर तपकिरी रंगाच्या दोन शिंपा, त्यांवर बारीक कंगोरे. दोन्ही शिंपांना जोडणारा लवचिक बंध त्या सतत उघडू पाहतो. आतले दोन स्नायू त्या मिटून धरतात. मिटून राहणे हेच तिचे श्रम. म्हणून शिजताना स्नायू सैल पडले की शिंपा आपोआप उघडतात. तिला डोके नाही. वाळूबाहेर दोन आखूड नळ्या येतात. एकीने पाणी आत जाते, दुसरीने बाहेर पडते आणि मधले कल्ले त्यातील सूक्ष्म अन्नकण गाळून घेतात. खाडीत सोडलेली घाणही त्याच वाटेने तिच्या अंगात उतरते. शिंप ती पाण्यातील चुन्यातून घडवते; कोकणात पूर्वी शिंपले भाजून बांधकामाचा चुना करीत.

पालीतील ‘सिप्पी’ आणि आपली ‘शिंप’ एकाच कुळातील शब्द होत. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात निवळ डोहाच्या तळाशी असलेले शिंपले, खडे व मासे काठावरून स्पष्ट पाहणाऱ्या डोळस माणसाची उपमा आहे. वर्गात निरीक्षण शिकविताना ती आम्हांस फार उपयोगी पडते.

ज्याच्यापाशी शेत नाही, होडी नाही, त्यालाही ओहोटीच्या वेळी हे अन्न मिळते. परंतु लहान पिल्लेही उपसली तर पुढील हंगामी वाळू रिकामी राहते. केरळातील अष्टमुडी सरोवरात 1990 च्या दशकारंभी हेच झाले. तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननकाळात उपसा बंद ठेवण्यात आला, जाळ्याच्या आसाचे माप ठरले, आणि 2014 मध्ये त्या मासेमारीस शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले; भारतातील ते पहिलेच. कोकणातील खाड्यांसाठी असे नियम करावयाचे झाल्यास ते गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या स्त्रियांना विचारून करावेत, असे आमचे मत आहे. पिल्ले कोणत्या वाळूत आहेत, हे त्यांच्या पायांना कळते.