तार पंचायतीत, वस्ती वाऱ्यावर

तारेचे इंटरनेट चांगले की बिनतारी, हा वाद शहरात बसून खुशाल घालता येतो. तेथे दोन्ही मिळते. आम्ही गावकुसाबाहेरच्या वस्तीतून पाहतो, म्हणून आम्हाला प्रश्न वेगळा दिसतो.

२०११ साली केंद्र सरकारने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केले. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची, असा मनसुबा. पुढे त्याचे नाव भारतनेट झाले. नाव बदलले, मुदती उलटतच राहिल्या. पण खरी मेख पुढे आहे. तार ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येते. तेथून वस्तीतल्या घरापर्यंत ती कोणी न्यायची? खासगी कंपनीचा हिशेब सरळ असतो : गिऱ्हाईक थोडे, खर्च फार. मग बिनतारीचे नाव पुढे केले जाते.

बिनतारीशी आमचे वैर नाही. मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने १९९० च्या दशकात 'कॉर्डेक्ट' उभे केले, ते तांब्याची तार घरोघर नेणे परवडत नव्हते म्हणूनच. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला नसता तर आमच्या कितीतरी पोरांना इंटरनेट दिसलेही नसते. आजही देशातल्या शंभर ब्रॉडबँड जोडण्यांत तारेच्या जेमतेम चार-पाच आहेत.

पण टॉवरची ताकद सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सारे फोन जागे झाले की वेग बसतो. त्यात रोजचा दीड-दोन जीबीचा शिधा! २०२० च्या टाळेबंदीत शाळा फोनवर गेली, तेव्हा घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन, अशी गत होती. तो शिधा कोणाला पुरणार? काचेच्या तारेवर सारे घर एकाच वेळी बसू शकते. शिवाय जोरकस टॉवरलाही मागून तीच तार लागते. ती नसेल तर फाइव्ह-जीचा फलक शोभेपुरता. म्हणजे 'तार नको, बिनतारी पुरे' हे बोलणेच फसवे आहे.

केरळने २०२३ मध्ये 'के-फोन' सुरू केले. तार विजेच्या खांबांवरून ओढली आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे ठरवले. ते उद्दिष्ट अजून दूर आहे, हे खरे. पण उद्दिष्टात केवळ 'कार्यालय' नाही, 'कुटुंब'ही आहे.

विजेचे खांब आपल्याही वस्त्यांत उभे आहेत. त्यांवरून घरापर्यंत तार न्यायला किती पैसा लागेल, हा आकडा महाराष्ट्र शासनाने एकदा विधिमंडळात मांडावा.