नागपूर–गोंदिया हवाई अंतर

नागपूर–गोंदिया हवाई अंतर म्हणजे नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ (सोनेगाव) आणि गोंदियाचा बिरसी विमानतळ यांमधील सरळ रेषेतील अंतर होय. ते सुमारे १३८ किमी (जवळपास ७४ सागरी मैल) आहे. नागझिरा अभयारण्यास जाणारे पर्यटक मुख्यतः याच दोन विमानतळांचा विचार करतात.

अंतराचे गणित
दोन्ही स्थळांच्या अक्षांशांत सुमारे ०.४३ अंशाचा फरक आहे. उत्तर-दक्षिण दिशेने तो ४८ किमी भरतो. रेखांशांतील फरक १.२४ अंश आहे. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किमीचा असल्याने पूर्व-पश्चिम अंतर १२९ किमी होते. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने कर्ण १३८ किमी येतो. अंतर थोडे असल्यामुळे पृथ्वीच्या वक्रतेने उत्तरात नगण्य फरक पडतो.

नागपूर ते गोंदिया लोहमार्गाची लांबी सुमारे १३० किमी, म्हणजे हवाई अंतराहूनही कमी आहे. सोनेगाव नागपूरच्या नैर्ऋत्येस आणि बिरसी गोंदियाच्या ईशान्येस असल्याने दोन्ही विमानतळ शहरांच्या परस्परविरुद्ध बाजूंना पडतात.

प्रवासाचा वेळ
ताशी ५०० किमी वेगाने जाणाऱ्या एटीआर विमानास हे अंतर कापण्यास १७ मिनिटे पुरतील. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, उड्डाण, उतरण्याची रांग यांमुळे हा वेळ अर्ध्या तासापलीकडे जातो. विमानतळावर तासभर आधी पोहोचणे आणि दोन्ही टोकांचा रस्ता मिळवला, तर सुमारे दोन तासांत पोहोचविणारी जलद रेल्वेगाडीच सरस ठरते.

बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४० च्या सुमारास, दुसऱ्या महायुद्धकाळात बांधली. तेथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. प्रादेशिक हवाई जोडणीच्या ‘उडान’ योजनेखाली १३ मार्च २०२२ रोजी इंदूर–गोंदिया–हैदराबाद ही प्रवासी सेवा सुरू झाली. नागपूरहून हैदराबादमार्गे गोंदियास विमानाने जायचे झाल्यास सुमारे ९४० किमी, म्हणजे थेट अंतराच्या जवळजवळ सातपट प्रवास घडतो.

नागझिऱ्याच्या दृष्टीने
१९७० साली घोषित झालेले नागझिरा अभयारण्य २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. रस्त्याने ते गोंदियापासून सुमारे ६० किमी, तर नागपूरपासून साकोलीमार्गे सुमारे १२० किमी आहे. नकाशावर बिरसी जवळचे दिसते. परंतु दूरच्या शहरांतून येणाऱ्यांना नागपूरला अधिक विमाने मिळतात आणि पुढचा रस्ता अडीच-तीन तासांचा आहे. वनफेरीचा प्रवेश सकाळ-दुपारच्या ठराविक वेळीच मिळत असल्याने विमानतळ निवडताना अंतरापेक्षा पोहोचण्याची वेळ अधिक महत्त्वाची ठरते.