चार प्रयोग आणि तीन प्रश्न : विज्ञानातील नाट्य व सुरक्षितता यांचा संबंध

विज्ञान शिकवू इच्छिणाऱ्यापुढे एक जुनीच अडचण उभी असते. जो प्रयोग मुलांचे चित्त वेधून घेतो, त्यात काही तरी फसफसते, चेपते, नाहीसे होते किंवा रंग पालटते. आणि जो प्रयोग सर्वथा निर्धोक तो नीरसच असावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीमुळे काही पालक व शिक्षक प्रयोगच टाळतात, तर काही जण सावधगिरीच्या सूचना वाचून दाखविल्या म्हणजे आपले कर्तव्य संपले असे मानतात. प्रयोगातील नाट्य आणि त्यातील धोका ही एकाच नियमाची दोन रूपे होत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. ज्या कारणाने प्रयोग प्रेक्षणीय होतो तेच कारण, प्रमाण वाढले किंवा वाट बंद झाली म्हणजे, अपायकारक होते. सुरक्षिततेचा विचार हा प्रयोगाला बाहेरून जोडलेला उपदेश नव्हे. तो प्रयोगाच्या स्पष्टीकरणाचाच भाग आहे.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील वाचकास या प्रश्नाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी व पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. त्यांत कामगारांचे प्राण गेले आणि दूरवरच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या. अशा गावात वाढणाऱ्या मुलाच्या मनात रसायन या शब्दाशी केवळ धास्ती जोडली जाणे स्वाभाविक आहे. परंतु धास्ती म्हणजे ज्ञान नव्हे. कोणती गोष्ट कोणत्या परिस्थितीत धोकादायक होते हे ज्यास कळते, तोच पुढे कामगार, अभियंता किंवा जागरूक नागरिक या नात्याने योग्य प्रश्न विचारू शकतो.

असे प्रश्न मुख्यतः तीन आहेत. पदार्थ किंवा ऊर्जा किती प्रमाणात आहे? ती किती जागेत साठलेली आहे? आणि उत्पन्न होणाऱ्या उष्णतेस वा वायूस बाहेर जाण्यास वाट आहे काय? पुढील चारही प्रयोग, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, घरी किंवा शाळेत करता येतात. प्रत्येकाच्या आरंभी हे तीन प्रश्न मुलांनीच विचारावेत.

१. हळदीचा रंगपालट

पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी लावून तो वाळू द्यावा. कपडे धुण्याच्या साबणाची वडी पाण्यात घोळवून त्या पाण्यात बुडविलेल्या काडीने कागदावर अक्षरे काढावीत. पिवळ्या कागदावर तत्काळ तांबडी अक्षरे उमटतात. त्यांवर लिंबाचा रस लावताच ती पुन्हा पिवळी होतात. हळदीतील कर्क्युमिन या रंगद्रव्याची रचना अल्कधर्मी द्रावात बदलते व आम्लात पूर्ववत होते, हे याचे कारण होय. भांडी घासण्याचे आजचे द्रवरूप साबण बहुधा उदासीन असल्याने त्यांनी हा परिणाम दिसेलच असे नाही. म्हणून वडीचाच साबण घ्यावा.

हाच प्रयोग चुन्याने अधिक ठळक होतो, आणि नेमका येथेच पहिला प्रश्न उपस्थित होतो. साबणाच्या पाण्याचा पीएच साधारणतः ९ ते १० असतो, तर चुन्याच्या निवळीचा १२ हून अधिक. या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दसपट फरक. म्हणजे चुना साबणाच्या पाण्याहून किमान शंभरपट तीव्र ठरतो. जी तीव्रता कागदावर गडद तांबडा रंग आणते तीच बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजून काढते. पानासाठी मिळणारी चुन्याची पुडी दाबली असता चुना उडून मुलांच्या डोळ्यांत जातो व दृष्टीस कायमची इजा होऊ शकते. म्हणून चुना या प्रयोगातून वगळावा. अल्कधर्मी पदार्थ डोळ्यात गेलाच, तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहावे व लगेच डॉक्टरांकडे जावे.

२. हवेने चेपलेला डबा

शीतपेयाचा रिकामा ॲल्युमिनियमचा डबा घेऊन त्यात दोन चमचे पाणी घालावे व मोठ्या माणसाने तो शेगडीवर तापवावा. तोंडातून वाफेचा झोत मिनिटभर निघू द्यावा. नंतर डबा सांडशीने घट्ट धरून थंड पाण्याने भरलेल्या पातेल्यात एकदम पालथा घालावा. क्षणार्धात मोठा आवाज होऊन डबा चुरगळतो.

येथे डब्याला कोणी हात लावलेला नाही. त्यास हवेने चेपले आहे. पाण्याची वाफ होताना तिचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते व ती आतील हवेस बाहेर हाकलते. थंड पाण्याशी गाठ पडताच वाफेचे पुन्हा पाणी होते आणि आत जवळजवळ निर्वात पोकळी उरते. बाहेरील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाइतका असतो. डब्याचा पृष्ठभाग सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर धरल्यास त्यावरील एकूण भार ३०० किलोग्रॅमच्या आसपास जातो. न्यूकोमेनने १७१२ मध्ये उभारलेले बाष्पयंत्र याच तत्त्वावर, म्हणजे वाफ थिजल्यानंतर हवेच्या दाबावर, चालत असे.

आता तिसरा प्रश्न विचारावा. डब्याचे तोंड तापविताना बंद असते तर? तीच १,७०० पट फुगू पाहणारी वाफ डबा फोडून उकळते पाणी अंगावर उडविती. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास आलेल्या पहिल्या आगगाडीस साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने होती. अशा इंजिनाच्या बाष्पकात वाफ मुद्दाम कोंडून धरतात, आणि म्हणूनच दाब मर्यादेबाहेर गेल्यास वाफ सोडून देणारी सुरक्षा-झडप प्रत्येक बाष्पकास असते. आपल्या प्रयोगात ते काम डब्याचे उघडे तोंड करते. बंद झाकणाचा डबा कधीही तापवू नये, हा नियम यातूनच निघतो.

३. फेसाचा स्तंभ

औषधांच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइडचा द्राव मिळतो. त्यावर बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, १ लिटर द्रावातून २० लिटर प्राणवायू निघू शकतो. हा द्राव सुमारे ६ टक्क्यांचा असतो. त्यात तेवढेच पाणी मिसळून तो ३ टक्के करावा. त्यातील १०० मिलिलिटर द्राव निमुळत्या तोंडाच्या बाटलीत घालून बाटली परातीत ठेवावी व चमचाभर द्रवरूप साबण मिसळावा. कोमट पाण्यात भिजविलेले चमचाभर यीस्ट त्यात ओतताच फेसाचा स्तंभ बाटलीबाहेर चढू लागतो. ओतण्याचे काम मोठ्या माणसाने डोळ्यांवर चष्मा लावून करावे. फेस चाखू नये व तो अंगास लागल्यास धुऊन टाकावा.

यीस्टमधील कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचे पाणी व प्राणवायू यांत झपाट्याने विघटन करते. बाटली हातास कोमट लागते, हे मुलांच्या नजरेस आणून द्यावे. १ ग्रॅम पेरॉक्साइडच्या विघटनाने सुमारे ६९० कॅलरी उष्णता निघते. १०० मिलिलिटर द्रावात ३ ग्रॅम पेरॉक्साइड असल्याने सुमारे २,०७० कॅलरी उष्णता मिळते, आणि तिने द्रावाचे तापमान फार तर २० ते २१ अंश सेल्सिअस वाढेल. हाच द्राव ३० टक्क्यांचा असता तर उष्णता दसपट झाली असती. तिने द्राव उकळू लागून त्यातील सुमारे पाव भाग पाण्याची वाफ झाली असती व हातापायांस चटके बसले असते. म्हणून तीव्र पेरॉक्साइड घरात आणूही नये. तसेच बाटलीचे बूच लावू नये. या द्रावातून सुमारे १ लिटर प्राणवायू निघतो; पाव लिटरच्या बंद बाटलीत त्यास जागा उरते दीड शतांश घनमीटर नव्हे, केवळ १५० मिलिलिटर. साहजिकच आतील दाब सहा-सात पटींनी वाढेल.

४. छायेचा लोप

चौथ्या प्रयोगास काहीच साहित्य लागत नाही. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही गावे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या मध्यास, १६ तारखेच्या सुमारास, सूर्य मध्याह्नी येथे नेमका डोक्यावर येतो. जुलैच्या अखेरच्या आठवड्यातही येतो, पण तेव्हा बहुधा तो ढगांआड असतो. मे महिन्यात दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास सपाट जागी उभ्या ठेवलेल्या सरळ डब्याची सावली त्याच्या तळाखाली नाहीशी होते. कर्कवृत्ताच्या उत्तरेस राहणाऱ्यास हे दृश्य कधीच दिसत नाही.

येथे दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. अंगावर पडणारे ऊन सोसता येते, कारण ते विस्तृत जागेवर पसरलेले असते. भिंगाप्रमाणेच डोळ्यातील नेत्रमणी तेच ऊन दृष्टिपटलावरील लहानशा ठिपक्यात एकवटतो, आणि दृष्टिपटलास वेदना जाणवत नसल्यामुळे इजा होत असतानाही कळत नाही. म्हणून सूर्याकडे न पाहता सावलीकडेच पाहावे. गच्चीवर मुलांस कठड्यापासून दूर ठेवावे व उन्हात फार वेळ थांबवू नये.

परातीपासून कारखान्यापर्यंत

या प्रयोगांत जे पाहिले त्याचा विस्तार कारखान्यापर्यंत कसा होतो, हे एका साध्या हिशेबाने ध्यानी येईल. एखादे भांडे लांबी, रुंदी व उंची या तिन्ही मापांनी दसपट मोठे केले, तर त्यात मावणारा पदार्थ, व म्हणून निर्माण होणारी उष्णता, हजारपट होते. उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र शंभरपटच होतो. दर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागातून आता दसपट उष्णता बाहेर पडावी लागते. ती न पडल्यास पदार्थ अधिक तापतो, तापल्याने विक्रिया अधिक वेगवान होते, आणि वेगाबरोबर उष्णताही वाढते. बाटलीत केवळ कोमट होणारी विक्रिया मोठ्या पात्रात आवरता येत नाही ती या कारणाने. म्हणूनच अशा पात्रांस शीतकरणाची नळी, ढवळणी, तापमापक व दाब मोकळा करणारी झडप यांची आवश्यकता असते. यांपैकी एकही साधन शोभेसाठी नाही. प्रत्येक साधन वरील तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आहे.

यावरून देखरेख करणाऱ्या मोठ्या माणसाचे कामही स्पष्ट होते. केवळ जवळ उभे राहून ‘सांभाळून’ असे म्हणणे म्हणजे देखरेख नव्हे. त्याने प्रयोग आधी स्वतः एकदा करून पाहावा, मापे मोजून घ्यावीत, पाणी जवळ ठेवावे, आणि प्रयोगास आरंभ करण्यापूर्वी मुलांकडून तिन्ही प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत. एखाद्या मुलाने ‘दुप्पट घातले तर काय होईल?’ असे विचारल्यास त्यास गप्प करू नये. त्याच्याकडून कागदावर हिशेब करून घ्यावा. उत्तर आकड्यांतून मिळाले, म्हणजे बाटलीत दुप्पट द्रव्य ओतून पाहण्याची निकड उरत नाही. आणि ज्या मुलाने हा हिशेब एकदा केला, ते पुढे मोठेपणी एखाद्या कारखान्याच्या दाराशी उभे राहिले असता आत किती साठा आहे व झडप चालू आहे काय, हे विचारावयास कचरणार नाही.