मलेरियाच्या गोळ्या आणि ‘ताकदीची’ कॅप्सूल

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसलं की डास चावतात. घरीही तेच. नळाला रोज पाणी नाही, म्हणून ड्रम भरलेले. डासांना आयतं घर. मग थंडी वाजून ताप येतो, रक्तात मलेरिया निघतो आणि मेडिकलवाला व्हिटॅमिन सी-ईची कॅप्सूलही हातात ठेवतो. म्हणे, गोळ्यांची गरमी बाधत नाही. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच फसगत होते.

मलेरियाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. त्यातून निघणारे ऑक्सिजनचे जहाल कण पेशीला आतून गंजवतात. सी आणि ई जीवनसत्त्वं हा गंज रोखतात. पण फॅल्सिपेरम मलेरियावरचं आर्टेसुनेट असल्याच जहाल कणांनी जंतूला मारतं! मोठ्या मात्रेतल्या जीवनसत्त्वांमुळे औषधाचा जोर कमी झाल्याचं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. आर्टेसुनेटसोबतच्या दुसऱ्या गोळीत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन असतं. ५ मिलिग्रॅमची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी त्याचा परिणाम कमी करते. गरोदर बाईने आपल्या चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

पेरू, आवळा, लिंबू, शेंगदाणे, पालेभाजी मात्र खुशाल खा. जेवणातल्या जीवनसत्त्वांची भीती नको.

खरी काळजी प्रायमाक्विनची. व्हायवॅक्स मलेरियात जंतू यकृतात दडून बसतात, म्हणून ही गोळी १४ दिवस घ्यायची, जेवल्यावर. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की आपल्याकडे पाकीट फळीवर जातं, आणि काही महिन्यांनी ताप परत येतो. गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला ही गोळी देत नाहीत.

काहींच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. मुलग्यांत हा दोष आईकडून येतो आणि त्यांच्यातच जास्त दिसतो. (विदर्भातल्या आपल्या नातलगांची सिकलसेल तपासणी झाली असेल, ही तपासणी वेगळी.) अशा माणसाच्या पेशी प्रायमाक्विनने फुटू लागतात, आणि कॅप्सूल कितीही घेतल्या तरी त्या एन्झाइमची उणीव भरत नाही. घरात कुणाला औषधाने कावीळ झाली असेल, रक्त चढवावं लागलं असेल, तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा आणि जी-६-पीडीची तपासणी मागा.

गोळ्या चालू असताना लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, दम लागला, तर प्रायमाक्विन थांबवा आणि त्याच दिवशी घाटी गाठा. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.